उदगीरचा दाखला

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. भावाला नाही, आणि रोज ज्याच्याबरोबर चहा पितो त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जिला सांगायला हवं तिला सांगायची माझी छाती होत नाही. तेव्हा याला धाडस वगैरे समजू नका.

मी महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, नौबादमध्ये घरं आणि प्लॉट विकून देतो. एजंट म्हणा, दलाल म्हणा, मला राग येत नाही. मूळचे आम्ही चिटगुप्प्याचे. वडिलांचं तिथं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कोणती भाषा काढायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. कुणाला शरणु, कुणाला सलाम, कुणाला जयभीम. मनातून म्हणतो का? — कधी विचार केला नाही. माझ्या भिंतीवर सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं आहे. ते घेताना मी लिहून दिलं होतं, की व्यवहारात दोन्ही बाजूंना खरं तेच सांगीन, काही दडवणार नाही. काच मी दर दिवाळीला पुसतो.

सिद्धार्थचं आमच्याच रस्त्यावर पाण्याच्या मोटारी रिवायंड करायचं दुकान होतं. जळलेली मोटार नुसत्या वासावरून ओळखायचा. त्याला घर मीच मिळवून दिलं, बायकोच्या नावावर — कोपऱ्यावरचा प्लॉट, दोन खोल्या, बाहेरून जिना. वायरिंग त्यानं स्वतः केलं, आणि घरभर इतकी बटणं बसवली की मी म्हणायचो, घर आहे का सबस्टेशन? तो हसायचा. कर्जाची फाईलही मीच केली होती. बँकेनं त्यात विमा घातला, म्हणजे कर्ज घेणारा गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार. त्यापायी हप्ता थोडा वाढला तेव्हा तो कुरकुरला, नको म्हणाला. त्याला समजावलं कुणी? मीच. म्हटलं, ‘घे रे, उद्या काही झालं तर बायकापोरांच्या डोक्यावरचं छप्पर तरी जाणार नाही.’

हे शब्द माझे आहेत. लक्षात ठेवा — मी तर विसरू शकत नाही.

तो वारला महाराष्ट्रातल्या उदगीरला, मेहुण्याच्या लग्नात. मांडवातच छातीत दुखायला लागलं, तिथल्याच दवाखान्यात संपला. मृत्यूची नोंद तिथलीच, दाखलाही तिथलाच. सुजाता, त्याची बायको, दोन मुलींना घेऊन परत आली तेव्हा दुकानाचं शटर ओढलेलं होतं, ते पुन्हा उघडलं नाही. हप्ते थकले. काही महिन्यांनी बँकेची माणसं आली आणि जप्तीची नोटीस दारावर चिकटवून गेली. गल्लीतल्या बायका येता-जाता ती बघायच्या. सुजातानं त्यावर कॅलेंडर लावून टाकलं.

आणि मग मी धावून गेलो. असंच म्हणतात लोक अजून — अण्णा धावून आला. बँकेत तिच्या वतीनं मीच जायचो. साहेब नवीन होता. त्याला हप्ता थकलाय एवढंच दिसत होतं, घरातला माणूस गेलाय हे मी त्याला सांगितलंच नाही. सुजाताला म्हटलं, लिलावात मातीमोल जाईल, त्याआधी आपण विकू, कर्ज फिटून हातात काही उरेल. सल्ला वाईट होता का? वरवर पाहिलं तर नव्हता. कुणालाही विचारा.

पण गिऱ्हाईक माझ्याकडे आधीच होतं. शेजारचा प्लॉट घेतलेला एक कंत्राटदार. त्याला कोपरा हवा होता, दुकानांची इमारत बांधायला. मागचं वर्षभर माझ्या मागे लागला होता. मी त्याला ‘देतो मिळवून’ म्हणून बसलो होतो. हे मी सुजाताला सांगितलं नाही. तिचा माणूस म्हणून बोलत होतो आणि त्याचा माणूस म्हणून भाव पाडत होतो. दलाली दोघांकडून घेतली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, अरे, हे तर सगळेच करतात. करतात. एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

विम्याचं मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

नाही — तेही पूर्ण खरं नाही. ‘गप्प बसलो’ हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, त्यामुळे तेच आधी तोंडात आलं. गप्प बसणं तसं सोपं असतं, अंगाला काही लागत नाही. पण तिनं विचारलं होतं.

सौद्याच्या आधी ती ऑफिसात आली होती, दुपारची. जयभीम घातला, मीही घातला. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो दाखला काढून तिनं टेबलावर ठेवला. म्हणाली, “अण्णा, ह्यांनी कर्जाचा इमा काढल्ता म्हनं. म्या इसरूनच गेल्ते. पर हे कागद तर उदगीरचं हाय. हिकडं चालंल का?”

तिनं असं का विचारावं? बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. ती माहेरची उदगीरकडची. लग्न होऊन इकडे आली आणि अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज केला, तर जातीचा दाखला महाराष्ट्राचा म्हणून परत आला. तिकडे ती ज्या जातीची होती, त्या जातीची इकडे नव्हती. सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांची अशी समजूतच होऊन बसते, की तिकडचा कागद इकडे मेलेला. पण मृत्यूचा दाखला तसा नसतो. तो देशात कुठलाही कुठेही चालतो. माणूस कुठेही मेला तरी मेलेलाच असतो. हे मला माहीत होतं. अशा कागदांवरच माझं पोट चालतं.

मी दाखला हातात घेतला. त्यावर सिद्धार्थचं नाव होतं. वाचल्यासारखं केलं, आणि म्हणालो, “न्हाई चालत, अक्का.”

बस. एवढंच. ती चिडली असती, वाद घातला असता, दुसऱ्या कुणाला विचारते म्हणाली असती, तर कदाचित — पण तसं काही झालं नाही. ती मान हलवून म्हणाली, “मला ठाव व्हतंच. माझा बी न्हाई चालला.” जुनी जखम तिची होती, मी फक्त तिच्यावर बोट ठेवलं. मग मी तो दाखला नीट घडी घालून प्लॅस्टिकमध्ये ठेवला, आणि ‘सांभाळून ठेवा’ असंही म्हणालो. हे वर आणखी कशासाठी म्हणालो, ते मला आजही कळत नाही. चहा मागवला. ती नको म्हणाली, तरी पाजला.

घर विकलं गेलं. त्या बटणांसकट पाडलं. कर्ज फिटून जे उरलं ते थोरलीच्या लग्नात गेलं. त्या लग्नात त्यांनी मला पुढे बोलावून बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायला सांगितली — वाईट दिवसांत उभा राहिलेला माणूस म्हणून. मी लावली. मग पहिल्या पंगतीत जेवायला बसलो.

सुजाता आता जवळच्याच जनवाडा गावात दिराच्या घरात मागच्या खोलीत राहते, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. जनवाड्याहून कुणाला प्लॉट घ्यायचा असला की माझ्याकडेच पाठवते.

गेल्या महिन्यात ती स्वतः आली. बरोबर शेजारची एक तरणी बाई होती, जिचं कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. नवरा लातूरच्या दवाखान्यात वारलेला, घरावर कर्ज, नोटीस आलेली. त्या पोरीनं कागद काढले आणि भीतभीत विचारलं, विमा आहे म्हणतात, पण दाखला लातूरचा आहे, चालतो का?

मी तोंड उघडायच्या आत सुजाताच म्हणाली, “न्हाई चालत गं. म्या सांगिटलं की तुला. इचार अण्णांना.”

गावात तिनं आणखी कितीजणींना हे सांगितलं असेल? — माझं वाक्य, माझं नाव घेऊन?

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “चालतो. उद्याच बँकेत द्या.”

सुजाता माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता कळलं हिला. खरं सांगतो, त्या क्षणी मला थोडं बरंही वाटलं. पण तिनं मला संशयाचा वाराही लागू दिला नाही. म्हणाली, “आता चालायलाय व्हय? नियम बदलला का, अण्णा?”

मी म्हणालो, “व्हय. बदललाय आता.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “कुनाचं तरी घर ऱ्हाईल.” आणि त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या पोरीचं काम मी करून दिलं. दलाली घेतली नाही — पण हे कशाला सांगतोय? त्यानं काही होत नाही.

नियम बदललेला नाही. तो पहिल्यापासून तसाच होता. सुजाता अजून जनवाड्यात आहे, आणि दाखला तिनं सांभाळून ठेवलाय, मी सांगितलं होतं म्हणून.