आयोडीनचे आठ दिवस

पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मी चौदा वर्षं फिजिक्स शिकवत होते. किरणोत्साराचा धडा आला की उदाहरण ठरलेलं: आयोडीन एकशे एकतीस, अर्धायुकाल आठ दिवस. मग माझाच थायरॉइड बिघडला. खडू धरला की हात थरथरायचा, जिना चढताना छाती धडधडायची, झोप तर पळालीच होती. वर्षभर गोळ्या घेऊनही फरक पडेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता किरणोत्सारी आयोडीनच देऊ. ते थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं आणि तिथल्या पेशी मारतं."

मुंबईला जाऊन एक कॅप्सूल गिळली. बस, एवढंच. घरी आठ दिवस कुणाच्या जवळ जायचं नाही, मुलीच्या तर नाहीच, असं बजावलं होतं. मी मागच्या खोलीत राहायला गेले. नवरा दाराबाहेर ताट ठेवून मागे सरायचा.

आमच्या कामवाल्या मावशी शिरढोणहून यायच्या. त्यांनी पॅसेजमधूनच विचारलं, "बाई, गरम पाण्यानं आंघोळ केलीत तर जाणार नाय का ते?"

"नाही मावशी. तापवा, गार करा, ते आपल्याच गतीनं कमी होतं. आठ दिवसांनी निम्मं, आणखी आठ दिवसांनी त्याच्या निम्मं."

"म्हंजे आपल्या हातात काय नाय."

"काहीच नाही."

"मग झोपा तुमी. घराचं आमी बघतो."

वर्गात हे मावशींइतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं, पण त्याचं कौतुक वाटण्याइतकीही ताकद अंगात नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मुलगी सहा वर्षांची. तिसऱ्या दिवशी पॅसेजच्या टोकाला बसून तिनं विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावलीस?"

मी तिला एक गोष्ट सांगितली. एका शास्त्रज्ञाला वाटायचं, आपल्याकडचे खडे उन्हात ठेवले की त्यांतून किरण निघतात. एकदा ऊनच पडेना. त्यानं ते खडे काळ्या कागदात गुंडाळलेल्या, फोटो काढायच्या काचेवर ठेवून खणात टाकले. काही दिवसांनी काच धुतली, तर खड्यांच्या जागी काळे डाग! ऊन नाही, उजेड नाही, तरी किरण निघालेच होते.

"कुणी सांगितलं त्यांना निघायला?"

"कुणी नाही. आपोआप."

"तुझ्यातून पण निघतात?"

"हो. म्हणून तुला लांब ठेवलंय. रागावले नाही गं."

ती उठून गेली. पटलं की नाही, कळलं नाही.

नवव्या दिवशी मी बाहेर आले, तर ती जवळ येईना. सवयीनं सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन दिवसांनी दुपारी ती गृहपाठाची वही घेऊन आली आणि मला टेकून लिहायला लागली.

पुढे थायरॉइड उलटा मंदावला. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते, जन्मभर. हात थरथरत नाहीत. पण आधी झोप लागायची नाही, आता उठवत नाही.