कलम चालायला लागलं

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. सहा वर्षं! कारण काय, तर दोघांच्या बागांमधला हद्दीचा दगडी गडगा ढासळला आणि त्या चिऱ्यांच्या ढिगात हापूसचं एक कलम उभं होतं. ते कोणाचं, यावरून सगळं बिनसलं. मला कलमाशी काही देणंघेणं नव्हतं. मला मांडवात काका हवा होता, बस्स.

मामा बोटीवर नोकरीला. नव्व्याण्णवच्या डिसेंबरात तो रत्नागिरीला आला तो तळहाताएवढं एक यंत्र घेऊन. उपग्रहांवरून जागा सांगतं म्हणे. हद्दीच्या वरच्या आणि खालच्या दगडापाशी उभं राहून त्याने दोन खुणा साठवल्या, यंत्रात मधे रेघ आखली आणि कलमाखाली आला. काका पलीकडे पाठ करून उभा, कान मात्र इकडे.

कलम आमचं निघालं. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. मामा म्हणाला, जरा थांबा. दहा मिनिटांत कलम काकाचं झालं, मग परत आमचं. मग तर यंत्राच्या मते आम्ही सगळे, जागचे न हलता, तुरुतुरु खाडीकडे निघालो होतो. मला हसू आवरेचना. पोट धरून मी पाचोळ्यात फतकल मारली.

मामा ओशाळला. हे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे, इतरांसाठी ते संदेशात मुद्दाम चूक घालून पाठवतात, म्हणाला. बाबांनी विचारलं, मित्रदेशांनाही?

“त्यांच्या सैन्याला ती चूक काढायची किल्ली मिळते, भावोजी. पण द्यायची की नाही, ते अमेरिकाच ठरवणार.”

तेव्हा काका वळला.

“म्हणजे दादा, आपली हद्द आता अमेरिका हलवणार?”

सहा वर्षांनी ‘दादा’ ऐकलं आणि हसता हसता माझ्या डोळ्यांना धार लागली. बाबा म्हणाले, शिंच्यांनी जन्मात कधी गडगा घातलाय काय? मग दोघांनी मिळून अमेरिकेचा जो उद्धार केला, त्यात चहा दोनदा झाला.

लग्नात अंतरपाट काकाने धरला.

मे महिन्यात मी माहेरी आले, तेव्हा दोघं आमच्या पडवीत त्याच कलमाचे आंबे पेटीत भरत होते. कुठल्याशा बंदरातून मामाचा फोन आला. अमेरिकेने ती चूक काढून टाकली होती. यंत्र आता चोख सांगतंय, घेऊन येऊ का, विचारत होता. मी ते मोठ्याने सांगितलं मात्र, बाबा हातात आंबा धरून हद्दीकडे बघायला लागले.

काकाने उठून माझ्या हातातला फोन घेतला.

“यंत्र बोटीवरच राहू दे. आमचं कलम चालतंय तेच बरं.”

बाबांनी आंबा पेटीत ठेवला आणि त्याच्याकडे पेंढा मागितला.