नाक्यावरून येणाऱ्यासाठी

निरोप आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. प्रसूतिगृहाच्या दारात शेजारची शालन उभी राहून म्हणाली, "कुसुमताई, घरी चला. नाना..." आत एक बाई अडलेली होती. शालनला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि परत आत गेले. मूल बाहेर आलं, रडलं, नाळ कापली, मग निघाले. यावरून वाडीत थोडी कुजबुज झाली. होऊ दे. नानांना आता घाई नव्हती, त्या मुलाला होती.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून थोडं आत आमची वाडी. तळमजल्यावर पुढची खोली नानांची, मागची आमची. त्यांनी सारा जन्म छापखान्यात उभं राहून खिळे जुळवले, त्यामुळे बोलताना शब्दसुद्धा मोजूनमापून उचलल्यासारखे बोलत. बायको लवकर गेली. मुलगा विश्वनाथ, आमचा विशू, माझ्याच पानात जेवून मोठा झाला. मला मूलबाळ नाही. हे सांगायचं कारण इतकंच, की पुढे जे लिहिणार आहे ते मी परकी म्हणून लिहीत नाही.

गिरगावातले लोक नानांना ओळखत ते फळ्यामुळे. वाडीच्या तोंडाशी भिंतीला एक काळा फळा ठोकलेला आहे. म्युनिसिपालिटीच्या वॉर्ड ऑफिसात नोटिसा लागत त्या इंग्रजीत, आणि वाडी सगळी मराठी. नाना दर शनिवारी छत्री घेऊन तिथे जात, उभ्या उभ्या वाचत आणि घरी येऊन फळ्यावर मराठीत लिहीत. कुठला रस्ता खणला आहे, नळ कधी बंद राहणार, देवीची लस टोचायला कुठे जायचं, शारदोत्सवाचा मांडव कुठपर्यंत घालायला परवानगी आहे. अक्षर असं, की लोक चप्पल काढून वाचतात की काय असं वाटावं. पहिल्या मजल्यावरचे गजाननराव, आमच्या उत्सवमंडळाचे चिटणीस, रोज त्यांची फिरकी घेत. "नाना, आमच्या सासूबाईंचा मुक्काम कधी हलणार तेही लिहा की एकदा."

"ते म्युनिसिपालिटीच्या हद्दीत येत नाही," नाना म्हणत, आणि न हसता खडू पुढे चालवत.

मग ते गोळीबाराचे दिवस आले. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी गिरगाव दुमदुमत होतं. घराघरातली तरुण मुलं रस्त्यावर होती. विशू फारसा घोषणा देणाऱ्यातला नव्हता. विमा कंपनीत कारकून होता, डोळ्यांनी अधू, जाड भिंगाचा चष्मा. त्या दुपारी नाक्यावर गलका झाला तेव्हा तो ताटावरून उठला. मी म्हटलं, "अरे, भात तर संपव." तो म्हणाला, "आलोच काकू, बघून येतो." पायात घरातल्या सपाता होत्या. नाक्याच्या दिशेने गेला, आणि आला नाही.

मी इस्पितळात काम करणारी बाई, मला आत जाऊ देत. मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात गेले, शवागारात गेले. चादरी मी स्वतः उचलून पाहिल्या. तुरुंगातल्या मुलांची नावं ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, खेटे घालून पाहिली. विशू कुठेच नव्हता. मेलेल्यांत नव्हता आणि जिवंतांतही नव्हता. एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

संचारबंदी होती तरी त्या शनिवारी नाना फळ्याशी गेले. मी खिडकीतून पाहत होते. समोर चिटपाखरू नाही, दारं बंद, दूर कुठेतरी जळक्या टायरांचा वास, आणि हा माणूस शांतपणे आधीचा मजकूर पुसून नवा लिहितो आहे. परत आल्यावर मी चिडून विचारलं, "नाना, रस्त्यावर कुत्रं नाही. वाचणार कोण?"

"वाचणारा वाचेल," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढे सारं पुन्हा सुरू झालं, जसं होतं तसंच. ट्राम सुरू झाली, बाजार भरले, मोर्चे निघत राहिले. नानांनी विशूबद्दल बोलणं टाकलं, पण फळा एक दिवस चुकला नाही. उलट आता ते शनिवारची वाट न पाहता लिहीत. वाडीला कौतुक वाटे, की दुःखात माणूस लोकांच्या उपयोगी पडतो आहे. मलाही तसंच वाटत होतं.

ती समजूत तुटली ती नानांच्या तापात. ते अंथरुणाला खिळले होते आणि मंडळाचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. गजाननरावांनी फळा पुसून त्यावर हळदीकुंकवाची वेळ आणि लहान मुलांच्या लिंबूचमच्याच्या शर्यतीचं लिहिलं. चूक म्हणावी तर चूकही नव्हे, मंडळाच्या चिटणिसाने दुसरं काय करायचं? पण नानांना कोणीतरी सांगितलं. अंगात फणफणता ताप, धोतर कसंबसं सावरलेलं, भिंतीला धरत ते वाडीच्या तोंडाशी पोचले. मी मागून घोंगडी घेऊन धावले.

"कोणी पुसलं?"

"मी पुसलं, नाना," गजाननराव म्हणाले. "ते गटार खणल्याचंच होतं ना? अहो, रोज त्या फळीवरून उड्या मारतोय आम्ही. वाडीत ठाऊक नाही असा कोण आहे?"

"वाडीतल्यांसाठी लिहितो काय मी?"

गजाननराव म्हणजे मेल्या माणसालाही बोलतं करतील असे, पण आता त्यांनी वाकून खाली पडलेला खडू उचलला. त्यांनी हळदीकुंकू स्वतःच्या बाहीने पुसलं आणि खडू नानांच्या हातात दिला. नानांनी लिहिलं: ठाकूरद्वारच्या नाक्यावरून येणाऱ्याने डाव्या अंगाने चालावे. उजवीकडे गटार उघडे आहे. दिवा नाही.

मी तिथे उभी राहून ते वाचलं. इतकी वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते आत्ता दिसलं. कोपऱ्यावरचा पिंपळ काढला, तेव्हा वळण कशावरून ओळखायचं ते नानांनी लिहिलं होतं. दुधाचं केंद्र पलीकडे गेलं, तेही लिहिलं होतं. आणि प्रत्येक वेळी येणारा नाक्याकडूनच येत होता. चौपाटीकडून कधी कोणी आलं नाही. ट्रामने कोणी आलं नाही. येणारा एकटा होता, पायी होता, आणि त्याला नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर वाडीतल्या कोणी फळ्याला हात लावला नाही. मंडळाने स्वतःचा वेगळा फळा आणला.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. मी देवभोळी नाही. प्रसूतिगृहात जन्म आणि मरण दोन्ही रोज पाहते आणि दोन्हींमध्ये मला कधी काही गूढ दिसलेलं नाही. पण सकाळच्या पाळीला जाताना मी फळा बघत असे. नळाच्या वेळा, लस टोचण्याचं, सगळं जसंच्या तसं असे. नाक्यावरून येणाऱ्यासाठी लिहिलेल्या ओळींखाली मात्र खडू पुसट झालेला असायचा, शब्दाशब्दाखालून कोणी बोट फिरवावं तसा. विशू वाचताना बोट फिरवत असे, हे खरं आहे. दव पडतं, गवळ्याच्या म्हशी अंग घासतात, हेही खरं आहे. म्हशी नेमक्या त्याच ओळींना का घासतात, ते मला माहीत नाही. मी नानांना विचारलं नाही. त्यांनीही मला दाखवलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी वाडीत तोरणं लागली, पेढे वाटले, दारोदार रांगोळ्या. नानांनी फळा स्वच्छ धुतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: आता धरपकड नाही. कोणी लपून राहण्याचे कारण उरले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजाननराव ओरडले, "वा नाना, लाख बोललात!" मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. नाना टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहत नव्हते. त्यांची नजर लोकांच्या डोक्यांवरून नाक्याकडे लागली होती.

काही महिन्यांनी रस्ता रुंद करायचं निघालं. रस्त्याची नवी रेषा आमच्या घरातून जात होती. मोजणीची माणसं आली, त्यांनी दारातून सुतळी धरली आणि पुढच्या खोलीच्या फरशीवर चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आतलं राहणार, बाहेरचं जाणार. विशूचा पलंग बाहेर पडत होता. ह्यांनी तो आत ओढला. संध्याकाळी पाहते तो पलंग पुन्हा जागेवर.

"नाना, ती बाजू पडणार आहे," हे म्हणाले.

"पडेल तेव्हा पडेल. पलंग कुठे आहे ते त्याला अंधारातही माहीत आहे. हलवलास तर अडखळेल."

ती रेघ कोणी पुसली नाही. झाडताना मी रेघेच्या अलीकडे एकदा झाडत असे आणि पलीकडे एकदा. आम्ही तिघंही तिच्यावर पाय न देता ओलांडू लागलो. कधीपासून, ते आठवत नाही. नातेवाइकांनी सुचवलं, दर्भाचा पुतळा करून विशूचं क्रियाकर्म उरकून घ्या, खोली जाण्याआधी त्याला मोकळा करा. नाना एवढंच म्हणाले, "तो बांधलेला नाही. वाटेत आहे." खरं तर त्यांना मरणाचं भय नव्हतं, घर जाण्याचंही नव्हतं. पोरगा येईल आणि ओळखीची भिंत जागेवर नसेल, हे भय होतं. त्या भयानेच ते गेले असं मी म्हणेन. डॉक्टरांनी हृदय लिहिलं आहे.

चंदनवाडीत अग्नी ह्यांनी दिला. दहाव्याला बाणगंगेवर बायका सहसा जात नाहीत, मी गेले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. वाळकेश्वरच्या कावळ्यांना पिंडांचा तुटवडा नाही, ते पोट भरल्यावर कशाला येतील, असं मी मनात म्हणत होते. ऊन चढत होतं. जो तो हात जोडून शब्द देऊ लागला. ह्यांचे चुलतभाऊ म्हणाले, "नाना, वार्षिक श्राद्ध चुकवणार नाही." कावळा भिंतीवर. गुरुजी म्हणाले, "मुलाचं काही राहिलंय का मनात?" चुलतभाऊ घाईघाईने म्हणाले, "नाना, विशूचं क्रियाकर्म करून टाकू." तसे कावळे उडून पार पलीकडच्या धर्मशाळेवर जाऊन बसले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझे पाय भाजत होते आणि दुपारची पाळी होती. मी पुढे झाले. "नाना, फळा मी लिहीन," मी म्हटलं. "खोली पडली तर कसं यायचं तेही लिहीन. आता अडवू नका, मला कामावर जायचंय."

गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात एक कावळा, धर्मशाळेवरून नव्हे, समुद्राच्या बाजूने आला आणि पिंडाला शिवला. मी यातून काही सिद्ध करत नाही. घडलं ते लिहिलं.

शब्द दिला म्हणून गेले कित्येक आठवडे मी शनिवारी छत्री घेऊन वॉर्ड ऑफिसात जाते. माझं अक्षर नानांसारखं नाही, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं आहे. पुढची खोली गेल्या पंधरवड्यात पाडली. विशूचा पलंग आमच्या खोलीत आणला, उशाची बाजू पूर्वी होती त्याच दिशेला ठेवली. जागा अपुरी पडते, चालायचंच. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं: बुधवारी नळ उशिरा येईल. लस शाळेत टोचतील. नाक्यावरून येणाऱ्याने पुढची भिंत शोधू नये. ती पडली आहे. उजवा हात वाडीच्या भिंतीला लावून सरळ मागे यावे. दार लोटलेले आहे.

ह्यांनी वाचलं. म्हणाले, "लोक विचारतील, हा येणारा कोण म्हणून."

कोणी विचारलं नाही. संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. गजाननराव कामावरून परतले. पाठोपाठ शालन आली, दुधाचं भांडं घेऊन. मग वरच्या मजल्यावरची मंडळी. सगळे आपापल्या नादात, बोलत, हसत. आणि प्रत्येकाचा उजवा हात भिंतीला. आमच्या दारापर्यंत येईतो कोणी हात काढला नाही.

तांदूळ निवडून झाले तसा मी एक वाटी जास्तीचा धुतला.