स्पीकरअक्का

भांडण कितीही पेटलेलं असो, अक्का आधी माणसाला खाली बसवायच्या. एकदा आमच्या वठारातल्या नळावर दोन सख्खे भाऊ एकमेकांना भिडले होते. थोरल्याच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, धाकट्याच्या हातात फरशीचा तुकडा होता. अक्का लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि पत्र्याच्या पिंपावर त्यांनी ते असं आदळलं की सगळ्यांचे कान बधिर झाले. "आधी बसा, मग बोला!" धाकटा ऐकेना, तेव्हा तेच लाटणं त्याच्या गुडघ्यावर बसलं. मग तोही बसला.

मल्लेश्वरममधलं आमचं वठार म्हणजे एका अंगणाभोवतीची सहा-सात बिऱ्हाडं. अक्का शिंप्यांच्या, त्यांचे आजोबा बेंगळुरात आलेले. नवरा गेल्यावर ब्लाउज शिवून एकट्याच राहायच्या. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही एकदम.

'स्पीकर' हे नाव त्यांना मिळालं ते टीव्हीमुळे. त्या काळी दर आठवड्याला एक राजकारणाची हिंदी मालिका लागायची. आम्ही तिला नुसतं 'असेंब्ली' म्हणायचो. रंगीत टीव्ही अक्कांकडेच होता, त्यामुळे सगळं वठार त्यांच्या पुढच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसायचं. मालिकेत एक म्हातारा सभापती, म्हणजे असेंब्लीचा स्पीकर, होता. सभागृहात खुर्च्या उडायला लागल्या तरी तो जागचा हलायचा नाही, "पहले बैठिए, फिर बोलिए" एवढंच म्हणत राहायचा. अक्कांनी ते वाक्य मराठी करून उचललं. शेवटच्या भागात आमदारच त्या म्हाताऱ्याला फरफटत नेऊन बडवतात. ते पाहून अक्कांनी हातातली कात्री टीव्हीवर भिरकावली. काच वाचली, लाकडाला खोक पडली. "नियमानं बोलतो म्हणून मारायचं काय रे?" त्या पडद्याला विचारत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच खोलीत बसून वठारातले तरुण मात्र मालिकेतल्या गुंडावर फिदा होते. काळा शर्ट, हातात सायकलची चेन, आणि तोंडी एकच वाक्य : "पहले हाथ, फिर बात." समोरच्या गौरम्माच्या मुलानं, मंजूनं, तसाच शर्ट शिवायला टाकला होता, तोही अक्कांकडेच. अक्कांनी मापं घेतली आणि म्हणाल्या, "शर्ट शिवते. चेन दिसली तर हात तोडीन."

पुढच्या वर्षी शेजारच्या तमिळ मुलखाशी नदीच्या पाण्यावरून वाद होऊन शहर पेटलं. तमिळ बोलणाऱ्यांची दुकानं शोधून शोधून जाळत होते. आमच्या वठाराच्या तोंडाशी सेल्वमअण्णांचं किराणा दुकान होतं, आणि मागच्या खोलीत ते, त्यांची बायको आणि दोन लहान मुली. दुपारी जेवणं चालू असताना जमाव आला. रॉकेलचा वास आधी आला, आरडाओरडा नंतर. सगळ्यात पुढे काळ्या शर्टातला मंजू होता.

अक्कांनी शिवणाची खुर्ची उचलली, फाटकाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या. आत वळून माझ्या आईला म्हणाल्या, "मुलींना मागच्या भिंतीवरून काढ. तोपर्यंत मी ह्यांना बघते." मग जमावाकडे पाहून कन्नडमध्ये ओरडल्या, "कूतकोळ्री! आधी बसा! एकेकानं बोला! काय केलंय त्यानं तुमचं?" आणि खरं सांगते, पुढचे दोघे-तिघे थबकले. कुणी बाई अशी बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. आई भिंतीपाशी मुलींना वर चढवत होती, मी पलीकडच्या बोळात उतरून त्यांना झेलत होते. सेल्वमअण्णांची बायको भिंतीवर असतानाच मंजूचा आवाज कानावर आला, "पहले हाथ!" मागोमाग चेनचा आवाज, आणि हाड मोडल्याचा.

मी परत आले तेव्हा दुकान जळत होतं. अक्का खुर्चीसकट आडव्या पडल्या होत्या, जबडा एका बाजूला सरकलेला, पदर रक्तानं भिजलेला. पडल्यावरही त्यांना लाथा घातल्या होत्या. सेल्वमअण्णांचं कुटुंब जीव वाचवून सुटलं, सेलमला आपल्या गावी गेलं, ते परत आलं नाही.

जबडा तारेनं बांधून अक्का घरी आल्या. पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळ्या वठारानं काहीच पाहिलं नव्हतं. गौरम्मा येऊन अक्कांच्या पायावर पडली. "एकुलता एक आहे, अक्का. नाव घेऊ नका." अक्कांनी तिला उठवून बसवलं, चहा दिला आणि कोर्टात मंजूचं नाव घेतलं. शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा घेतलं. मंजू तुरुंगात गेला. वठारानं अक्कांशी बोलणं सोडलं. नळावर त्यांची घागर बाजूला सारायचे. एकदा खिडकीतून दगड आला.

अजूनही वठारातली ती माणसं कुणाच्या लग्नात जयनगरला भेटली की 'असेंब्ली'चा विषय निघतो. एक जण त्या सभापतीपायी वकील झाला म्हणून सांगतो. दुसरा म्हणतो, आता तशी मालिका होणे नाही. मग हमखास कुणीतरी गुंडाचा आवाज काढतं, "पहले हाथ…" आणि बाकीचे ओरडून वाक्य पुरं करतात, टाळ्या देतात. माझं जेवण अर्धंच राहतं. मी उठून हात धुवायला जाते.

तेव्हा तो दगड आल्यावर शेवटी अक्का हुबळीला भावाकडे निघाल्या. सकाळची वेळ, टेम्पोत मशीन चढलं होतं, सगळी दारं बंद. निरोपाला फक्त आई आणि मी. एवढ्यात गौरम्माचं दार उघडलं. आईनं माझा हात घट्ट धरला. आता ही शिव्याशाप देणार असं आम्हां दोघींना वाटलं. गौरम्मा सरळ टेम्पोपाशी गेली, अक्कांच्या ओंजळीत मोगऱ्याचा गजरा ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"तो घरात नाही ना, अक्का. आता मला स्वयंपाकघरात आतून कडी लावून झोपावं लागत नाही."