सगळं हेल्परमुळे

किस्से जमवायला आमच्या ऑफिसात कुणाला कष्ट घ्यावे लागत नाहीत. आमच्याकडे काहीच टाकून द्यायची पद्धत नाही. त्यामुळे जुना कोड साठतो, जुने चार्जर साठतात आणि त्यांच्याबरोबर किस्सेही साठतात. मसोलीत एका गाळ्यात आम्ही मशीनचे कंट्रोलर बनवतो. फुगे बनवणाऱ्या कारखान्याची भट्टी, वाडीतला पंप, चिकू सुकवायचा ड्रायर, जे येईल ते. कंट्रोलरच्या डब्यातल्या चिपवर चालणारा प्रोग्राम आम्ही सी भाषेत लिहितो. आम्ही म्हणजे चुरीसर, हेमा आणि मी. मालक हसमुखभाई. आणि हेल्परच्या फाईलवर बसवलेला अंकुश.

हेल्पर म्हणजे सगळ्याच प्रोग्रामांना लागणारी बारीकसारीक कामं. हे नाव तिकडे कॉपी कर, दोन शब्द जोड, मेमरीचा हा तुकडा पुसून टाक. अशा एकेका कामाच्या कोडला फंक्शन म्हणतात. सी भाषा सांगितलेलं मुकाट्याने करते. वीस अक्षरांच्या जागेत तीस ओतलीत तर ती अडवत नाही, उरलेली दहा शेजारच्या जागेत सांडून मोकळी होते. म्हणून ही फाईल सांभाळायला माणूस लागतो, आणि काही बिघडलं की बोलणी खायलाही माणूस लागतो. अंकुशला दोन्हीसाठी घेतलं होतं.

तो तलासरीहून बाईकने यायचा. तोंडाने तिखट, कामात किरकिरा, पण अजून कायम झालेला नव्हता. घरून ये-जा करता येईल अशी या कामाची दुसरी नोकरी आमच्या भागात कुठे आहे? ही गेली तर पुण्याला खोली घ्यायची, आणि घरी आई एकटी. हसमुखभाईंनी त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, वर्षभर हेल्परची तक्रार आली नाही तर कायम. मला त्याची खरंच काळजी वाटायची, कारण आमच्या ऑफिसात तक्रार न येता आठवडासुद्धा जात नाही.

*

पहिल्या दिवशी अंकुशने फाईल उघडली तर नाव कॉपी करायची फंक्शन्स एक नाही, अर्धा डझन. 'कॉपी', 'कॉपी नवीन', 'कॉपी फायनल', 'कॉपी फायनल खरं' आणि पुढे अशीच. कारण हसमुखभाईंचा नियम. कुठलंही फंक्शन चुकीचं निघालं तरी ते काढायचं नाही, बाजूला दुसरं लिहायचं. "अरे भाई, चालते ना? मग राहू दे. कोणतरी वापरत असेल."

अंकुशने चुरीसरांना विचारलं, यातलं बरोबर कुठलं? चुरीसर आमच्यातले सगळ्यात सीनियर, बोर्डीचे, शांत माणूस. त्यांनी चष्मा पुसत सल्ला दिला, "कुठलंही वापर. फक्त एकदा चाललं की मग बदलू नकोस."

*

एका फुगेवाल्याच्या भट्टीला आमचा कंट्रोलर होता. स्क्रीनवर कारखान्याचं नाव यायचं. शेठना त्यात कुलदेवी, आजोबा आणि स्वतःचा मुलगा असे तिघेही हवे होते. नाव जागेत मावलं नाही आणि सांडलं ते नेमकं शेजारी, जिथे भट्टीचं तापमान ठेवलं होतं. कंट्रोलरला भट्टी थंडगार वाटायला लागली. तो तापवत सुटला आणि फुग्यांची अख्खी खेप साच्यांवरच करपली.

अंकुश म्हणाला, नाव छोटं करा. शेठ म्हणाले, आजोबांना कसा कापू? अंकुश म्हणाला, मग मी हेल्परमध्येच जागा तपासून घेतो, जास्तीचं नाव आत येऊच देणार नाही. यावर हसमुखभाई कळवळले. गिऱ्हाइकाचं नाव अडवायचं म्हणजे काय? त्यांनी तोडगा काढला, "नाव मोठं आहे ना? मग टेंपरेचरला सांग, जरा सरकून बस."

तापमान सरकवलं. त्या जागी पंख्याचा स्पीड आला. आता नाव झळकलं की पंखा सुसाट सुटतो. शेठना वाटतं, देवीची कृपा आहे.

*

कैनाडच्या एका मावशींच्या वाडीत पंपाचा डबा बसवला होता. पंपाचं काय चाललंय ते मोबाईलवर मराठीत कळवायचं. मराठी अक्षर मेमरीत इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातं, हे कॉपी फंक्शन लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. मेसेज होता, 'पंप बंद झाला नाही'. शेवटच्या शब्दाला जागाच उरली नाही.

मावशी मेसेज आला की धावत वाडीत जायच्या, बघतात तर पंप मजेत पाणी ओढतोय. असं बरेच दिवस चाललं. शेवटी त्या डबा पिशवीत घालून थेट ऑफिसात आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तुमची मशीन खोटं नाय बोलत. अर्धं बोलते. त्यापरीस खोटं बरं."

अंकुशने त्याच दिवशी मराठी अक्षरांसाठी वेगळं फंक्शन लिहिलं. जुनं अर्थातच शिल्लक आहे.

*

अंकुश काही धुतल्या तांदळाचा नव्हता. मेमरी पुसायच्या फंक्शनला दोन आकडे द्यायचे असतात, कशाने भरायचं आणि किती भरायचं. पठ्ठ्याने ते उलटे दिले. किती पुसायचं, तर शून्य! मशीन इमानदारीने काहीच पुसत नव्हतं आणि काम झालं म्हणून कळवत होतं.

हे उघडकीला आलं बोर्डीत. दोन चिकूवाले, एकमेकांचे साडू, वाडीच्या कुंपणावरून बोलणं बंद. ड्रायरचा डेमो आधी थोरल्या साडूंकडे झाला, मग तोच डबा धाकट्यांकडे नेला. सगळं घर जमलेलं, मशीनला हार घातलेला. हसमुखभाईंनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर थोरल्या साडूंचं नाव उमटलं, खाली 'आपले स्वागत आहे'.

धाकट्यांनी हार काढून घेतला. चहासुद्धा मिळाला नाही. परतीच्या वाटेवर हसमुखभाई जीपमध्ये एवढंच बोलले, की आता गिऱ्हाइकाची आणखी एक तक्रार आली की अंकुशला नारळ.

*

त्यानंतर तर सगळ्यांना रानच मोकळं मिळालं. हेमाचा टायमर चुकला, हेल्परमुळे. माझा डिस्प्ले उलटा आला, हेल्परमुळे. एकदा लाईट गेली तेव्हा चुरीसर अंधारात म्हणाले, अंकुशने सकाळी काही बदललंय का बघा. अंकुश आधी भांडायचा, पुरावे दाखवायचा. पुढे पुढे नुसता डबा उघडून जेवायला बसायचा. ते भांडण्यापेक्षा वाईट वाटायचं.

*

मग तलासरीकडच्या हायवेवर एक मोठं कोल्ड स्टोरेज उभं राहिलं आणि त्याचे सगळे कंट्रोलर आमच्याकडे आले. हसमुखभाईंनी मीटिंग घेतली. या कामात हेल्परची फाईल वापरायचीच नाही. चुरीसर, हेमा आणि मी, तिघांनी आपापली फंक्शन्स आपापल्या फाईलमध्ये स्वतः लिहायची. काम सुरळीत पार पडलं तर हेल्पर बंद, आणि अंकुशला महिनाअखेरीपर्यंत मोकळं करायचं. हे त्याच्यासमोरच सांगितलं.

आम्ही तिघं जोमाने लागलो. अंकुश रिकामा बसून होता, पुण्याच्या खोल्यांची भाडी बघत होता. काम वेळेत झालं. कंट्रोलर बसले आणि कशाचीही तक्रार आली नाही. हसमुखभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, बघा, हेल्परविना काही अडतं का?

सही करायच्या आधी कोल्ड स्टोरेजच्या इंजिनीयरबाई कोड बघायला आल्या. हसमुखभाईंनी मोठ्या स्क्रीनवर आधी माझी फाईल उघडली. बाई बारकाईने वाचत खाली गेल्या आणि थांबल्या. कॉपीच्या फंक्शनवर मराठीत टीप होती. त्यांनी मोठ्याने वाचली, "जागा मोजल्याशिवाय भरू नये. चुरीसरांनी तर इथे मुळीच हात लावू नये. अंकुश."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी हेमाची फाईल उघडायला सांगितली. तेच फंक्शन, तीच टीप. हेमाला अचानक फोन आला.

बाई म्हणाल्या, काम चोख आहे, हे अंकुश कोण? कोपऱ्यातून अंकुश जेवणाचा डबा बंद करून उठला. बाई हसमुखभाईंना म्हणाल्या, "देखभालीच्या करारात यांचं नाव घाला, मग सही करते." हसमुखभाईंनी आधी अंकुशकडे पाहिलं, मग बाईंच्या पेनाकडे पाहिलं, आणि म्हणाले की तो तर आमचा कायमचाच माणूस आहे.

आता उरली होती चुरीसरांची फाईल. बाईंनी ती स्वतःच उघडली. वरती चुरीसरांचं पूर्ण नाव, हुद्दा, 'सर्व हक्क राखीव'. खाली तेच फंक्शन. आणि त्याच्यावर, अक्षरन् अक्षर, तीच टीप.

हसमुखभाईंनी हळूच विचारलं, "चुरीसर, ही फाईल तुम्ही स्वतः लिहिली ना?"

चुरीसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सगळी मीच लिहिली," ते म्हणाले. "तेवढ्या जागी मात्र हात लावला नाही."