घडाला डाग लागू न देणारा माणूस

माझ्या हिरोचा हात सुटायचा. पहिल्याच प्रसंगात तो एकाला शेताच्या बांधावर लोळवायचा, आणि धुळ्याचा आमचा दिग्दर्शक नाही म्हणून मान हलवायचा. मालिका मोबाइलवर दाखवायची होती, बघणाऱ्याचं बोट कायम पडद्यावर. "भाऊ, पयले लोकेस्ना जीव लागू द्या त्यानावर, मंग मारू द्या," तो म्हणाला. मी जळगावला परतलो तो चिडूनच. इतकी वर्षं लिहितोय, आणि हा मला शिकवणार! पण त्याचं खरं होतं, म्हणून राग जास्त आला.

जीव लागेल असा मारकुटा माणूस मला शोधावा लागला नाही. तो घरातच होता. माझ्या थोरल्या अक्काचा नवरा, आमचे दाजी. तापीकाठी त्यांची केळीची बाग आहे. कापणीच्या दिवशी दाजी मजुराच्या खांद्यावरून घड स्वतः उतरवून घेतात आणि खाली अंथरलेल्या पानांवर तान्हं मूल निजवावं तसा ठेवतात. कुणी घड जरा आपटला तर त्याची खैर नाही. डाग पडलेला घड दाजींना बघवत नाही. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या आईची नखं ते स्वतः कापतात. हे सगळं मी उचललं. बायकोला मारायचा प्रसंग आला तिथे एक युक्ती केली. तिचा चेहरा कुठेच दाखवला नाही. दार लागतं, आत भांडं पडतं, आणि लगेच ओट्यावर एकटा बसलेला हिरो, स्वतःच्या हाताकडे बघत. प्रेक्षक मनाने त्याच्याच शेजारी जाऊन बसतो. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फैजपूरला घरी गेलो. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि चार दिवसांनी जावई न्यायला येतो. यंदा अक्का झोक्यावर बसली नाही. तिचा उजवा दंड कोपरापर्यंत काळानिळा होता. "मी आता जात नई," ती आबांना म्हणाली. आबा, म्हणजे आमचे वडील, मग म्हणाले, "नको जाऊ. येऊ दे त्याले, मी पाहतो." आबांच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या दुपारी अक्का पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मला अवदसा आठवली. नवं काही लिहिलं की घरच्यांना वाचून दाखवायची माझी जुनी खोड. ओसरीवर सगळ्यांना बसवून मी पटकथा वाचली. हिरोचं गाव, नाव सगळं बदललं होतं. पण घड पानांवर निजवणारा माणूस कोण, हे ओळखायला आमच्या घराला नाव कशाला लागतं? नखांच्या प्रसंगाला आईने पदर डोळ्यांना लावला. आबांनी घसा खाकरला. "मानूस मनाचा वाईट नई," ते म्हणाले. हे हिरोबद्दल की जावयाबद्दल, मी विचारलं नाही. मला शाबासकी मिळाली होती ना!

अक्का खांबाला टेकून ऐकत होती. "त्या बाईचं तोंड कुठी हाये रे?" तिने विचारलं. मी मोठा शहाणा. लगेच समजावलं, "अक्का, तिचं तोंड दाखवलं की लोकांना त्याचा राग येतो. मग हिरो संपला." तिने मान डोलावली आणि उठून आत गेली. मला वाटलं, तिला पटलं.

दाजी आले ते आबांच्या गुडघेदुखीचं औषध आठवणीने घेऊन. आईने आग्रह करकरून आमरस वाढला. आबा 'मी पाहतो' म्हणाले होते. वाकून पाया पडणारा जावई तेवढा त्यांनी पाहिला. "एक डाव सांभायून घे बाई," ते अक्काला म्हणाले. ते वाक्य माझं होतं. माझ्या पटकथेतला सासरा हेच म्हणतो. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं, पण मी भेकडासारखा वाटीतला आमरस संपवत राहिलो. अक्काने पिशवी भरली.

दिग्दर्शकाला पटकथा आवडली. नरडाण्याजवळ चित्रीकरण सुरू झालं. अक्काचे फोन मात्र बदलले. व्हिडिओ कॉल लावला की पडद्यावर छताचा पंखा दिसायचा. एकदा, दोनदा, मग रोज पंखाच. आवाज तेवढा "बरी हाये" म्हणायचा. मागून दाजी कुणाला तरी दरडावत होते, घड हळू ठेवा म्हणून. मला दाजींच्या त्या आवाजाची भीती वाटायला लागली.

"अक्का, तोंड दाखव," एके सकाळी मी म्हणालो.

पंखा फिरत राहिला. मग ती म्हणाली, "तूच म्हनला व्हता ना, तोंड दाखोलं का लोकाइले त्याचा राग येतो."

मी तसाच उठलो. आबांना फोन करून सांगितलं, अक्काला आणायला निघालोय. आमच्याकडे बहिणीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, तो सणालाच.

"आता कोन्ता सन हाये?" आबांनी विचारलं.

"कोणताच नाही," मी म्हणालो. "आणि आबा, तिला घेऊन आलो की आधी तिचं तोंड बघा."