रेघा नसलेली बोटं

हे गावात सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बँकेतून निवृत्त झालो, बायको गेली, तरी टाळलं.

"बोटं घासून आण म्हणावं तिला. घाण आहे सगळी."

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या शाखेत मॅनेजरसाहेब मला म्हणाले. साहेब पुण्याचे. काउंटरपाशी कमल उभी होती, फाउंड्रीत वाळूचे साचे भरणारी. तिथल्या सगळ्या मजुरांची खाती आम्हीच उघडली होती, शिबिर भरवून, हारतुऱ्यांसकट. तिची आई नांदेडच्या दवाखान्यात होती. आधी पैसे भरा, मग ऑपरेशन, असा भावाचा निरोप. पैसे तिच्या घामाचे, तिच्याच खात्यात. पण बोटांच्या रेघा वाळूनं खाल्लेल्या. ठसा ओळखणाऱ्या मशीनचा दिवा दर वेळी लाल.

मी तिला नळावर पाठवलं. सिमेंटच्या कडेला बोटं घासून आली. रक्त आलेलं. पुन्हा लाल.

"केसांना लाव," मी म्हणालो. तेलकट बोट कधी कधी उमटतं. तेही उमटलं नाही.

साहेब हसले. "आता मशीन पुसून घ्या. यांचं तेलसुद्धा बाटवतं."

दुसरी वाट होती. बँकेच्या माहितीतल्या कुणी ओळख द्यायची, कागदावर शाईचा अंगठा घ्यायचा, पैसे रवाना. कमल हळूच म्हणाली, "दादा, तुमी सांगा की. आपल्याच वस्तीतली हाय मी. तुमच्या आईनं न्हाऊ घातलंय मला."

मी तिला दारातच ओळखलं होतं.

साहेबांनी मान वर केली. "काय हो? तुमच्या वस्तीतली?"

नोकरीभर मी जात न सांगणाऱ्या आडनावाआड लपलो होतो. साहेबांच्या डब्यातली पोळी खात होतो. आमची वस्ती गावकुसाबाहेरची, हे शाखेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही साहेब. मी हिला ओळखत नाही."

कमल भांडली नाही. पदरानं मशीन पुसलं आणि गेली.

"बरं केलंत," साहेब म्हणाले. "नाहीतर उद्या अख्खी जमात रांगेत."

कमलची आई ऑपरेशनविना गेली. फाउंड्रीच्या मुकादमानं सांगितलं.

पुढे शाखेला ढाल मिळाली. गरिबांना बँकेत आणल्याबद्दल! साहेबांनी मला बोलायला उभं केलं. मी माझी जात सांगितली. वस्ती सांगितली. कमलचं सांगितलं, साहेबांचे शब्द जसेच्या तसे. एकही टाळी वाजली नाही. डब्याला एकटा पडलो, मग बदली. त्यात शौर्य कसलं? बाई मेल्यावर तोंड उघडलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो. फाउंड्री सोडून परतलेली कमल दारात ज्वारी पाखडत होती. "या दादा," म्हणाली. चहा दिला. मी चेन्नईच्या उकाड्याबद्दल बोललो. तिच्या मुलाच्या शाळेबद्दल विचारलं. कप खाली ठेवून उठलो.

"काही काम होतं का, दादा?"

"नाही गं. सहज आलो होतो."

सहज नव्हतो आलो, कमल. तुझी आई माझ्या एका वाक्यानं मेली. हे आता मी वस्तीत, सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणणार आहे. तू दार लावून घेतलंस तरी.